चाळीस अंशांच्या खालचा समुद्र

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला समुद्राविषयी काही सांगायला बसले, की तो आधी विचारतो, ‘त्याचं आम्हाला काय?’ प्रश्न रास्तच आहे. आमच्याकडे घाट, माहुलीचे सुळके, भातखाचरे आणि धरणे. भातसा नदी काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि ते पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते, एवढाच आमचा समुद्राशी उघड संबंध. पण जून महिन्यात माहुलीवर पहिला काळा ढग टेकतो, तो ज्या वाऱ्यावर बसून येतो तो वारा कुठून निघालेला असतो? अरबी समुद्रावरून, हे आपण शाळेत शिकलो. त्याचा माग काढत आणखी मागे गेलो, तर तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून आलेला दिसतो. आणि त्याच्याही मागे गेलो, तर आपण मादागास्करच्या आग्नेयेला, दक्षिण गोलार्धातल्या तीस अंशांच्या आसपास पोहोचतो. तिथे हवेच्या जास्त दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. हवामानशास्त्रज्ञ त्याला मस्कारीन उच्चदाब म्हणतात. तिथून सुटलेली हवा हजारो किलोमीटर समुद्राचे बाष्प पीत पीत आपल्या खाचरांपर्यंत येते.

त्या प्रदेशाच्या आणखी थोडे दक्षिणेला गेले, की वाऱ्याची दिशा बदलते. चाळीसाव्या अंशाच्या खाली तो पश्चिमेकडून वाहू लागतो आणि बाराही महिने वाहत राहतो. पृथ्वीवरचा सगळ्यात वादळी समुद्र तो हाच. आणि छप्पन्न फुटांच्या, म्हणजे एस. टी.च्या दीड गाडीएवढ्या लांबीच्या शिडाच्या नौकेतून आपली माणसे त्या समुद्रातून गेली आहेत. त्यातली काही तर एकटी.

तो समुद्र इतका खवळलेला का, हे समजून घ्यायला पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि उलटा करून पाहा. आपल्या बाजूला, उत्तर गोलार्धात, कुठल्याही अक्षांशावरून बोट फिरवा, ते जमिनीला अडखळतेच. आता खाली, दक्षिणेला पंचावन्न अंशांवरून बोट फिरवा. दक्षिण अमेरिकेचे निमुळते टोक सोडले, तर सगळा फेरा पाण्यावरूनच होतो. पश्चिमेकडून निघालेल्या वाऱ्याला अडवायला तिथे सह्याद्री नाही की सातपुडा नाही. एका बाजूला अंटार्क्टिकाचे बर्फ आणि दुसऱ्या बाजूला उष्ण कटिबंधातली तापलेली हवा, या दोन टोकांच्या तपमानातल्या फरकामुळे एकामागून एक वादळी आवर्ते तयार होतात आणि आगगाडीच्या डब्यांसारखी पूर्वेकडे धावत असतात. एक गेले, की दोन-चार दिवसांत दुसरे येते.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते. वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहतो आहे आणि त्याला पाण्यावरून वाहायला किती अंतर मोकळे मिळते आहे. भातसाच्या जलाशयावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला, तरी लाटा हातभरच उठतात. कारण पलीकडचा काठ जवळ आहे. दक्षिण महासागराला पलीकडचा काठच नाही. मे २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिणेला कॅम्पबेल बेटाजवळ एका तरंगत्या उपकरणाने २३.८ मीटर उंचीची लाट नोंदवली. सात-आठ मजली इमारत डोळ्यांसमोर आणा आणि ती आपल्याकडे चालत येते आहे अशी कल्पना करा.

जुन्या दर्यावर्दी लोकांनी या पट्ट्यांना नावे ठेवली आहेत. चाळीस ते पन्नास अंशांचा पट्टा म्हणजे ‘गरजणारे चाळीस’, त्याखालचे ‘खवळलेले पन्नास’ आणि त्याखालचे ‘किंचाळणारे साठ’. नावे उगीच ठेवलेली नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेले केप हॉर्न छप्पन्न अंशांजवळ आहे. तिथे हा सगळा वारा आणि सगळे पाणी अंटार्क्टिका आणि अमेरिका यांच्यामधल्या सुमारे आठशे किलोमीटर रुंदीच्या ड्रेक सामुद्रधुनीतून घुसते. त्यातच समुद्राचा तळ तिथे एकदम वर येतो. खोल पाण्यातून आलेली लांबलचक लाट उथळ पाण्यात शिरली, की उंच होते, उभी होते आणि फुटते. शेकडो जहाजे आणि हजारो खलाशी त्या टोकापाशी बुडाले आहेत.

मग तिकडे जायचेच कशाला? शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली असे म्हणायचे, तर काही अटी पाळाव्या लागतात. ज्या बंदरातून निघाला त्याच बंदरात परत यायचे, सगळी रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, निदान २१,६०० सागरी मैल, म्हणजे चाळीस हजार किलोमीटर कापायचे. आणि सुएझ किंवा पनामासारखा कालवा वापरायचा नाही. कालवा नाही म्हटले, की ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन, अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप या तीन टोकांच्या खालून जाणे आले. शिवाय पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला तिथला वारा पाठीशी मिळतो. वादळ हीच तिथली वाहतूक.

या वाटेने एकट्याने, मध्ये कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा केली ती इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. जून १९६८ मध्ये ते निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परत आले. शर्यतीत नऊजण उतरले होते. पुरी करणारे ते एकटेच. पण आपल्या दृष्टीने गंमत पुढेच आहे. त्यांची ‘सुहैली’ नावाची बत्तीस फुटी नौका बांधलेली होती मुंबईत, माझगावला, आपल्याकडच्या सुतारांनी, हिंदुस्थानी सागवानातून. आम्हा शहापूरकरांना सागाची किंमत वेगळी सांगायला नको. ते लाकूड गरजणाऱ्या चाळिसांत दहा महिने टिकले, आणि या गोष्टीचा आपल्याकडे फारसा गाजावाजा कधी झाला नाही.

भारतीय माणसाने अशी प्रदक्षिणा एकट्याने करावी, हा ध्यास घेतला एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे ते कप्तान होते आणि त्यांना वीरचक्र मिळाले होते. पश्चिम विभागाचे नौदलप्रमुख म्हणून १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर हा दर्यावर्दी माणूस राहायला गेला कुठे, तर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी! तिथून समुद्र आमच्या शहापूरपेक्षाही लांब. पण सागर परिक्रमेचा आराखडा त्यांनी तिथे बसून रेटला, पत्रे लिहिली, नौदलाच्या मागे लागले. २००६ साली नौदलाने मोहिमेसाठी माणूस शोधायला सुरुवात केली तेव्हा पाणबुड्याचे काम करणारे कमांडर दिलीप दोंदे पुढे आले.

दोंदे यांना एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव नव्हता. देशात तो कुणालाच नव्हता, मग शिकवणार कोण? ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले आणि त्यांच्या नव्या शर्यतीच्या वेळी नौकेच्या तयारीत मदतनीस म्हणून राबले. दोर, कप्प्या, शिडे, पंप, विजेच्या तारा. पुढे जे कामाला आले ते हे शिक्षण.

नौका बांधली गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर. रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने तोवर असली महासागरी शिडाची नौका कधी केलेली नव्हती. आराखडा हॉलंडचा, लाकडाच्या पट्ट्यांचे अंग आणि त्याला आतून-बाहेरून काचतंतूचे व राळेचे कवच. वजन सुमारे तेवीस टन, डोलकाठी पंचवीस मीटर. दोंदे बांधणीच्या काळात तिथे हजर असत. कुठली तार कुठून गेली आहे आणि कुठला बोल्ट कुठल्या पत्र्यामागे आहे हे त्यांना पाठ झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव तिला दिले, ‘म्हादेई’.

आता मुख्य प्रश्न. तेवीस टनांची नौका तिथे टिकते कशी? जिथे मोठमोठी जहाजे मोडली, तिथे ही चिमुकली बुडत का नाही?

पहिली गोष्ट म्हणजे तिचे वजन कुठे आहे. नौकेच्या तळाखाली माशाच्या परासारखा एक जड भाग खोल पाण्यात गेलेला असतो. त्यात शिसे किंवा लोखंड ओतलेले असते. लहान मुलांच्या खेळण्यात बुडाशी जड असलेली बाहुली असते, ती कितीही वेळा आडवी पाडली तरी उभी राहते. तसेच हे. नौका पूर्ण उलटली, डोलकाठी पाण्याखाली गेली, तरी ते वजन तिला फिरवून पुन्हा सरळ करते. अट एकच. आत पाणी शिरता कामा नये. म्हणून तिथे प्रत्येक झाकण, प्रत्येक खिडकी, प्रत्येक रबरी पट्टी रोज तपासावी लागते.

दुसरी गोष्ट अशी, की उंच लाट स्वतः घातक नसते. लांब पसरलेली दहा मीटरची लाट आली, तर नौका बदकासारखी तिच्यावर चढते आणि पलीकडे उतरते. घातक असते ती फुटणारी लाट, आणि तीही बाजूने आली तर. १९७९ मध्ये ब्रिटनजवळच्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचे बळी घेतले. त्यानंतर पाण्याच्या हौदांत छोट्या प्रतिकृती ठेवून प्रयोग झाले. त्यात दिसले, की नौकेच्या लांबीच्या एक तृतीयांश उंचीची फुटती लाट कुशीवर बसली, की नौका पालथी होऊ शकते. म्हणजे छप्पन्न फुटांच्या नौकेला पाच-सहा मीटरची फुटती लाट पुरे. म्हणून वादळात सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते, नौका लाटेला आडवी होऊ द्यायची नाही. पाठ लाटेकडे ठेवायची आणि तिच्या पुढे पळायचे. फार वेगाने पळू लागली, तर उतारावरून घसरून नाक पाण्यात खुपसते. तेव्हा मागे लांब जाड दोर सोडून तिला ओढून धरायचे.

तिसरी गोष्ट शिडांची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा दाब चौपट होतो आणि तिप्पट झाला, तर नऊपट. म्हणून वारा वाढायच्या आत शीड कमी करावे लागते. उशीर झाला, की शीड फाटते किंवा डोलकाठीवर बेतते. भरतीच्या वेळी नाचणाऱ्या फळीवर, गोठलेल्या बोटांनी, रात्री, एकट्याने ओल्या कापडाच्या घड्या घालायच्या. कमरेला दोर बांधलेला असतो. तो सुटला आणि माणूस पाण्यात पडला, तर स्वयंचलित सुकाणूवर चाललेली नौका त्याच्यासाठी थांबत नाही. ती सरळ निघून जाते.

हे सगळे लक्षात घेतले, म्हणजे कळते की या सफरीत शौर्याचा भाग आहे, पण कष्टाचा भाग त्याच्या कितीतरी पट आहे. घासलेला दोर वेळेवर बदलणे, ढिला झालेला बोल्ट आवळणे, तळाशी साठलेले पाणी उपसणे, दोन-दोन तासांच्या तुकड्यांनी झोपणे. चाळीस हजार किलोमीटर म्हणजे गाडीचे सुटे भाग जिथे मिळत नाहीत अशा रस्त्यावरून न थांबता केलेला प्रवास. पिण्याच्या पाण्याचेही मोजमाप असते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बंद पडले, तर पावसाचे पाणी शिडावरून बादलीत धरावे लागते. मुंबईला पाणी पाजणाऱ्या आमच्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांवरच्या बायांना हा हिशेब कुणी शिकवायला नको.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. ऑगस्टच का? कारण केप हॉर्न गाठायचे ते तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत. तिकडचा उन्हाळा म्हणजे पाण्याचे तपमान पाच-सहा अंश. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेत केपटाउन असे चार थांबे घेत ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले. प्रत्यक्ष समुद्रावरचे दिवस भरले १५७. शिडाच्या नौकेने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच नौकेतून त्यांचे सहकारी अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईला परतले.

याच टॉमींच्या बाबतीत पुढे जे घडले, ते या समुद्राविषयी बोलताना वगळता येणार नाही. १९६८च्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ मध्ये तशीच शर्यत ठेवली गेली. अट अशी, की साधने १९६८च्या काळातलीच वापरायची. उपग्रहावरून जागा दाखवणारी यंत्रे नाहीत. सूर्य-तारे मोजून आपण कुठे आहोत ते काढायचे. टॉमींसाठी दांडेकरांनी गोव्यात ‘सुहैली’चीच प्रतिकृती बांधली, ‘थुरिया’. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळाने ती उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. जड तळामुळे नौका पुन्हा सरळ झाली, पण तिचा खलाशी जागचा हलू शकत नव्हता. उपग्रहावरून दोन-चार शब्दांचे निरोप पाठवण्याची सोय तेवढी हाताशी राहिली होती. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांना शोधले आणि तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलले.

त्या समुद्रात हाक मारली, तर मदतीला तीन दिवस लागतात, आणि तेही सगळे जुळून आले तर. नौकेवर जे आहे त्यातूनच सगळे निभावायचे. टॉमींच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झाली, ते पुन्हा चालायला शिकले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. या खेपेला वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूचे पाते मोडले, तेव्हा त्यांनी नौकेतल्या शौचालयाचे दार कापून त्याचे नवे पाते केले. एप्रिल २०२३ मध्ये ते दुसरे आले. पहिल्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. अशी एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत एका स्त्रीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आवटीसाहेब मात्र तोवर राहिले नव्हते. टॉमींच्या सुटकेनंतर काही आठवड्यांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, विंचुर्णीलाच त्यांचे निधन झाले. पण त्यांनी आपल्या मुलींची प्रदक्षिणा पाहिली होती. दांडेकरांनीच बांधलेली म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ घेऊन वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता या सहा नौदल अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या होत्या. त्यांना तयार करणारे होते दिलीप दोंदे. प्रशांत महासागरात ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वादळाला तोंड देऊन त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये केप हॉर्न ओलांडले. आणि पाहा, सगळी तुफाने पार करून घराकडे वळल्यावर, हिंदी महासागरात, सुकाणूची यंत्रणा बिघडली. ठरलेला नसताना मॉरिशसला पोर्ट लुईचा थांबा घ्यावा लागला. २१ मे २०१८ रोजी त्या गोव्याला पोहोचल्या, २५४ दिवसांनी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तीच तारिणी पुन्हा निघाली, तेव्हा तिच्यावर दोघीच होत्या, दिलना के. आणि रूपा ए. या लेफ्टनंट कमांडर. जानेवारी २०२५च्या अखेरीस त्या प्रशांत महासागरातल्या ‘पॉइंट नेमो’ या जागेजवळून गेल्या. कुठल्याही दिशेला जमीन किमान २,६८८ किलोमीटर दूर आहे अशी ती जागा. तिथे असलेल्या माणसाच्या सगळ्यात जवळची माणसे बहुधा डोक्यावरून, चारशे किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या अंतराळस्थानकातली असतात. फेब्रुवारीत त्यांनी केप हॉर्न ओलांडले, एप्रिल-मे महिन्यांत हिंदी महासागर चढून त्या वर आल्या. त्या वर्षी पाऊसही लवकर आला. २६ मे २०२५ रोजी तो मुंबईत दाखल झाला, आणि तिसऱ्या दिवशी, २९ मेला, तारिणी मुरगावच्या बंदरात शिरली.